डोंगराच्या बाजूने उभा राहिलेला शिकारी

हरीण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय काय उभे राहते! सीतेला भुरळ घालणारा सुवर्णमृग, शकुंतलेचा पदर ओढणारे आश्रमातले पाडस, संतांच्या अभंगांतून पिलासाठी कासावीस होणारी हरिणी. माझ्या आजीने मांजरपाटावर रेशमाने भरलेली हरणांची जोडी आमच्या बैठकीच्या खोलीत कितीतरी वर्षे टांगलेली होती. लांडग्याच्या वाट्याला मात्र गोष्टीतली खलनायकाची जागा. तो यायचा तो फक्त शेळ्यामेंढ्या आणि खोटे बोलणाऱ्या मुलाला धडा शिकवायला. अशा संस्कारांत वाढलेल्या माझ्यासारख्या शाकाहारी माणसाला एका शिकाऱ्याविषयी आदराने लिहावेसे वाटावे, हे जरा चमत्कारिकच. पण आल्डो लिओपोल्ड हा माणूस तसा होता. हरणाच्या नराबरोबर मादी आणि पाडसेही मारली पाहिजेत, असे तो भरसभेत सांगत असे. तरीही हरणांचा त्याच्याइतका खरा मित्र अमेरिकेत दुसरा झाला नसेल, असे मला वाटते.

आल्डोचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावी झाला. मिसिसिपी नदीच्या काठावरील उंच कड्यावर त्यांचे घर होते. घराणे मूळचे जर्मन, त्यामुळे घरात जर्मन बोलली जाई. वडील कार्ल यांचा लिहिण्याची मेजे बनवण्याचा कारखाना होता आणि त्यांना शिकारीचा नाद होता. त्या काळात शिकारीवर फारसे निर्बंध नव्हते. बाजारात विकण्यासाठी बदके, कबुतरे, हरणे गाड्या भरभरून मारली जात. वसंत ऋतूत पाखरे अंडी घालण्यासाठी उत्तरेकडे निघतात, तेव्हाही बंदुका थंडावत नसत. पाखरे कमी होत चालल्याचे कार्ल यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी वसंतातली शिकार आपण होऊन सोडून दिली. कायद्याने मनाई व्हायला अजून बरीच वर्षे होती. बापाने स्वतःला घालून घेतलेला हा नियम मुलाने पाहिला. शिकाऱ्याला टाळ्या वाजवणारा प्रेक्षक नसतो, त्याचा पंच त्याच्या मनातच बसलेला असतो, हा विचार पुढे आल्डोने मांडला, त्याचे मूळ या घरातच होते.

येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन १९०९ साली लिओपोल्ड सरकारी वनखात्यात रुजू झाले. नेमणूक मिळाली अॅरिझोनातल्या अपाची वनविभागात. वय बावीस, खाली घोडा, कमरेला पिस्तूल, आणि मनात एकच साधा हिशेब. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील. लांडगे मुळीच उरले नाहीत तर शिकाऱ्यांचा स्वर्गच! त्याच वर्षी एका कड्यावर जेवायला बसले असताना खालच्या नदीतून एक जनावर पोहत येताना दिसले. आधी ती हरिणी वाटली. बाहेर येऊन तिने अंग झाडले तेव्हा कळले की ती लांडगी आहे. तिची वाढलेली पिले शेपट्या हलवत तिच्याभोवती गोळा झाली. वर बसलेल्यांनी बंदुका रिकाम्या केल्या. लिओपोल्ड खाली पोहोचले तेव्हा त्या लांडगीच्या डोळ्यांतली हिरवी ज्योत विझत होती. तेव्हा त्याचे फारसे काही वाटले नाही. ते वाटायला पस्तीस वर्षे जावी लागली.

मृत्यूच्या दारातून

पुढे त्यांची बदली न्यू मेक्सिकोत झाली. १९१२ च्या ऑक्टोबरात सान्ता फे येथील एस्टेला बर्जेर यांच्याशी विवाह झाला. दुसऱ्याच वर्षी मेंढपाळांचे चराईचे तंटे मिटवून परतताना ते गारपिटीच्या वादळात सापडले. ओल्या अंथरुणात रात्री काढल्या, अंग सुजले. मूत्रपिंडाच्या विकाराने माणूस मरणाच्या दारात जाऊन परत आला. प्रकृती सावरून कामावर परतायला जवळजवळ दीड वर्ष लागले. डोंगरावरची दगदग आता झेपणार नव्हती. मग त्यांनी शिकारीच्या प्राण्यांचे रक्षण हे काम अंगावर घेतले. गावोगावी शिकाऱ्यांच्या संघटना बांधल्या, एक छोटे वार्तापत्र काढले. १९१७ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी पत्र पाठवून त्यांची पाठ थोपटली.

त्या वेळचे लिओपोल्ड आज वाचले तर आपण चकित होतो. १९२० साली एका परिषदेत, न्यू मेक्सिकोतला शेवटचा लांडगा आणि शेवटचा डोंगरी सिंह मारला जाईपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये, असा त्यांचा सूर होता. चार वर्षांनी, १९२४ मध्ये, त्यांच्याच प्रयत्नांनी हिला नदीच्या खोऱ्यातले विस्तीर्ण जंगल रस्ते आणि वसाहतींपासून कायमचे मुक्त ठेवण्यात आले. असे राखलेले ते अमेरिकेतले पहिले रान. एकाच माणसाच्या मनात या दोन्ही गोष्टी नांदत होत्या.

कायबाबची हरणे

याच सुमारास त्यांच्या कार्यक्षेत्राबाहेर, पण फार दूर नव्हे, एक विलक्षण नाट्य घडत होते. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर कायबाब नावाचे पठार आहे. १९०६ साली रूझवेल्ट यांनी ते हरणांचे अभयारण्य म्हणून जाहीर केले. हरणांची शिकार बंद झाली. सरकारी नेमबाजांनी शेकडो डोंगरी सिंह आणि हजारो कोयोट मारले, लांडगे तर नाहीसेच केले. पाळीव गुरामेंढरांची चराईही घटवण्यात आली. सुरुवातीला हरणे चार हजारांच्या आसपास असावीत असा अंदाज होता. १९२४ पर्यंत ती किती झाली याबद्दल मतभेद आहेत. कोणी तीस हजार म्हणे, तर कोणी एक लाख. पण झाडांनी आपली साक्ष दिली होती. हरणाची मान पोहोचेल तिथपर्यंत प्रत्येक झाड ओरबाडलेले, आणि खाली नवे रोप म्हणून नाही.

त्यावर काढलेला एक उपाय ऐकला तर हसू येते. १९२४ च्या डिसेंबरात हरणांना गुरांसारखे हाकत दरी ओलांडून पलीकडे न्यायचे ठरले. घोडेस्वार जमले, गळ्यातल्या घंटा आणि डबे वाजवत पायी चालणारे आदिवासी जमले, कादंबरीकार झेन ग्रे हेही आले. बर्फाचे वादळ सुटले, माणसांची रांग तुटली आणि हरणे त्यांच्यामधून मागच्या मागे निसटली. पलीकडे पोहोचलेल्या हरणांची संख्या शून्य! सरकारने हरणे मारून कमी करायला घेतली, तेव्हा अॅरिझोना राज्याने आडकाठी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आपली जमीन वाचवण्यासाठी सरकार हरणे मारू शकते, असा निकाल १९२८ मध्ये लागला. तोपर्यंत दोन हिवाळ्यांत हजारो हरणे उपाशी मरून गेली होती.

ग्रॅम कॉली या न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञाने १९७० साली कायबाबच्या आकड्यांवर शंका घेतली आणि पाठ्यपुस्तकांतून हा धडा वगळला जाऊ लागला. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या अॅस्पेन झाडांची वये मोजली गेली, तेव्हा त्या वर्षांत रुजून मोठी झालेली झाडे फारच थोडी आढळली. एक लाखाचा आकडा खरा असो वा नसो, हरणांनी जंगलाची एक पिढी खाल्ली होती.

हिशेब आणि चव

१९२४ मध्येच लिओपोल्ड विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला आले. काही वर्षांनी सरकारी नोकरी सोडून त्यांनी राज्याराज्यांतून फिरत शिकारीच्या प्राण्यांची पाहणी केली. १९३३ मध्ये या विषयावरचा त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना या विषयाचे प्राध्यापक नेमले. असे पद देशात प्रथमच निर्माण झाले होते.

ते शिकवत त्यातला हरणांचा हिशेब आपल्या गोठ्याच्या हिशेबासारखाच सोपा आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून केवळ नर मारले तर पुढच्या वर्षी जन्मणाऱ्या पाडसांची संख्या जवळजवळ तेवढीच राहते. मादी दीड-दोन वर्षांची झाली की विऊ लागते आणि चारा चांगला असेल तर तिला बहुधा जुळी होतात. मिशिगनमध्ये एका कुंपण घातलेल्या रानात १९२८ साली चार माद्या आणि दोन नर सोडले होते. १९३३ मध्ये मोजणी केली तेव्हा सुमारे १६० हरणे भरली. रान मात्र दरवर्षी तेवढ्याने वाढत नाही. लांडगा नसेल आणि माणूसही मादीला हात लावत नसेल, तर उरलेले काम भूक करते. भूक निवड करत नाही. ती आधी पाडसांना नेते, कारण त्यांची मान उंच डहाळीपर्यंत पोहोचत नाही.

१९३५ साली ते जर्मनीला गेले. पूर्वजांच्या त्या देशात त्यांना दिसली ती स्प्रूसची एकसुरी रांगेतली जंगले, थंडीत गव्हाणीत चारा खाणारी हरणे आणि कुंपणात कोंडलेली रोपे. झाडेही भरपूर, हरणेही भरपूर, पण रान असे उरलेच नव्हते. पुढल्या दोन वर्षांत मेक्सिकोतल्या गॅव्हिलान नदीच्या खोऱ्यात ते धनुष्यबाण घेऊन शिकारीला गेले. तिथे डोंगरी सिंह होते, लांडगे होते, हरणेही मुबलक होती, आणि डोंगर हिरवागार होता. न बिघडलेले रान कसे असते ते त्यांना या वेळी दिसले.

धनुष्याचा छंद घरभर होता. लिओपोल्ड तळघरात स्वतः धनुष्ये घडवत. एस्टेलाबाई तर तिरंदाजीत राज्याच्या विजेत्या होत्या. शिकार घरी आली की तिचे काय करायचे याबद्दल लिओपोल्ड फार काटेकोर होते. मांस वाया घालवणाऱ्या शिकाऱ्याला ते शिकारी मानत नसत. गॅव्हिलानवरच्या लेखात त्यांनी हरणाच्या मांसाची कृतीच सांगून ठेवली आहे. ओकची फळे खाऊन पुष्ट झालेला नर थंडीच्या महिन्यांतच मारावा, सात रात्रींचे हिम आणि सात दिवसांचे ऊन खात तो झाडाला टांगून ठेवावा. मग पाठीच्या मांसाचे काप मीठ, मिरपूड आणि पीठ लावून बिडाच्या भांड्यात, अस्वलाच्या कडकडीत चरबीत, ओकच्या निखाऱ्यांवर परतावेत. त्याच चरबीत पीठ, पाणी आणि दूध घालून दाटसर रस्सा करावा आणि आंबवलेल्या पिठाच्या गरम पावाबरोबर वाढावे. मी हे कधी खाणार नाही. तरीही वाचताना एक गोष्ट पटते. जनावर कोणत्या झाडाखाली चरले, कोणत्या महिन्यात मारले, हे ज्याला ठाऊक आहे तो ताटातल्या घासाची किंमत जाणतो. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या ताटातल्या डाळीचे शेत ठाऊक आहे?

१९३५ मध्येच त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक नापीक, जळकी, सोडून दिलेली शेती विकत घेतली. तिथे उभे होते ते फक्त कोंबड्यांचे एक पडके खुराडे. तेच साफसूफ करून दर शनिवार-रविवारी नवरा-बायको आणि पाच मुले तिथे राहू लागली. दर वसंतात हजारो पाइनची रोपे लावायची. दुष्काळाने बहुतेक मरायची. पुन्हा लावायची. हरणांनी खाल्लेले रोप म्हणजे काय, हे या प्राध्यापकाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

तेहेचाळीसचा नोव्हेंबर

आता त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण प्रसंगाकडे येतो. विस्कॉन्सिनमधले लांडगे जवळजवळ संपले होते. लांडगा मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत होते. हरणांच्या माद्या मारायला मनाई होती. हिवाळ्यात हरणे देवदाराच्या दलदलीत गोळा होतात. तिथल्या झाडांच्या खालच्या फांद्या साफ झाल्या होत्या आणि बर्फात पाडसे मरून पडत होती. १९४२ मध्ये राज्याने नेमलेल्या नागरिक समितीचे अध्यक्षपद लिओपोल्ड यांच्याकडे आले. त्यांनी लोकांना त्या दलदलीत नेले, मेलेल्या हरणांची पोटे फाडून आतला निकस चारा दाखवला. पुढच्या वर्षी राज्यपालांनी त्यांना राज्याच्या वन्यजीव आयोगावर घेतले.

नोव्हेंबर १९४३ मध्ये दोन टप्प्यांचा हंगाम झाला. आधी चार दिवस शिंगवाल्या नरांसाठी, मग काही दिवस थांबून चार दिवस माद्या आणि पाडसांसाठी. राज्यभर मिळून सुमारे १,२८,००० हरणे मारली गेली. आदल्या वर्षीच्या दुपटीहून कितीतरी अधिक! लोक खवळले. पिढ्यान् पिढ्या मादी न मारणे हेच सभ्य शिकाऱ्याचे लक्षण म्हणून शिकवले गेले होते. आता हा चष्मेवाला प्राध्यापक नेमके उलटे सांगत होता. हरणे वाचवा अशा अर्थाच्या नावाचे एक वृत्तपत्रच निघाले आणि त्याने लिओपोल्ड यांना लक्ष्य केले. उत्तरेकडच्या जंगलातली हरणे संपवली, असा आरोप वर्षानुवर्षे होत राहिला. १९४४ पासून माद्यांना पुन्हा अभय मिळाले आणि हिवाळ्यातली उपासमारही चालू राहिली.

मला या माणसाचे मोठेपण इथे दिसते. त्यांना लोकप्रिय होणे अगदी सोपे होते. थंडीत हरणांना सरकारी गवत घाला म्हटले असते तरी टाळ्या पडल्या असत्या. ते सभांना जात राहिले, शिव्या ऐकत राहिले, आकडे आणि मेलेली झाडे दाखवत राहिले. आयोगावरून ते मरेपर्यंत हटले नाहीत.

याच गदारोळात, एप्रिल १९४४ मध्ये, त्यांनी त्या लांडगीवर लेख लिहिला. त्यामागेही एक गोष्ट आहे. अल्बर्ट हॉकबाम हा त्यांचा जुना विद्यार्थी कॅनडातल्या एका पाणथळीवर संशोधन करी आणि चित्रेही काढी. गुरुजींचे निबंध वाचून त्याने पत्रातून सुचवले की, लांडगे संपवण्यात तुमचाही हात होता, तेही लिहा. सत्तावन्न वर्षांच्या नामवंत प्राध्यापकाने शिष्याचे हे म्हणणे मानले. हरणांचा कळप लांडग्याच्या भीतीत जगतो, तसाच डोंगर आपल्या हरणांच्या भीतीत जगतो, हा विचार त्या लेखात आला. लांडग्याने मारलेल्या नराची जागा दोन-तीन वर्षांत भरते, पण हरणांनी खाल्लेला डोंगर तितक्याच दशकांतही भरून येईल की नाही, कोणी सांगावे?

१४ एप्रिल १९४८ रोजी त्यांचे निबंध छापायला एक प्रकाशनसंस्था तयार असल्याचे कळले. त्याआधी ते हस्तलिखित कितीतरी दारांवरून परत आले होते. त्यानंतर एका आठवड्याने, २१ एप्रिलला, शेजारच्या शेतात गवताला आग लागली. ती विझवायला लिओपोल्ड धावले आणि हृदयविकाराच्या झटक्याने तिथेच गेले. वय एकसष्ट. पुढच्या वर्षी निघालेल्या त्या छोट्या पुस्तकाच्या आजवर वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत. १९५० साली विस्कॉन्सिनमध्ये नर-मादी दोन्हींच्या शिकारीला पुन्हा परवानगी मिळाली, पण ते पाहायला ते नव्हते. त्यांच्या पाचांपैकी तीन मुले अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेली. धाकटी एस्टेला २०२४ मध्ये वारली.

आपला चितळ परदेशी

त्यांचा हिशेब पुढे जगभर उपयोगी पडला. विस्कॉन्सिनमध्ये २००० सालापासून शिकारी आपण मारलेले हरीण गरिबांच्या अन्नछत्रांना देऊ शकतात. खाटीक ते साफ करून वाटपासाठी तयार करतो. २००२ मध्ये तिथल्या हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग आढळला, तेव्हापासून रोगाच्या भागातले मांस तपासूनच खावे असा सल्ला दिला जातो. १९६० च्या सुमारास संपलेले लांडगेही शेजारच्या राज्यातून पुढे आपल्या पायांनी परत आले.

जिथे हरीण मुळातच परके आहे, तिथे प्रश्न आणखी बिकट होतो. न्यूझीलंडमध्ये युरोपातली तांबडी हरणे १८५१ पासून नेऊन सोडली गेली. ज्या रूझवेल्टनी १९०६ मध्ये कायबाब राखले, त्यांनीच १९०५ मध्ये तिथे वापिती जातीची हरणे भेट पाठवली होती! खाणारे कोणी नसल्याने जंगले उजाड होऊ लागली आणि १९३० पासून सरकारने पगारी नेमबाज लावले. त्यांनी मारलेली हरणे डोंगरातच कुजत. १९६० नंतर ती हेलिकॉप्टरने खाली आणून मांस जर्मनीला जाऊ लागले, तेव्हा कुठे संख्या आटोक्यात आली. आपला ठिपक्यांचा चितळही असाच जगभर पोहोचला. १८६८ च्या सुमारास तो हवाईच्या राजाला भेट म्हणून गेला. आज माउई बेटावर सरकारी निरीक्षकांच्या देखरेखीखाली चितळ मारून त्यांचे मांस विकले जाते. आपल्याच अंदमानात इंग्रजांनी नेलेला चितळ वाघ-बिबट्यांवाचून वाढला आणि जंगलातली कोवळी रोपे खाऊ लागला.

याचा अर्थ आपण उद्यापासून बंदुका घ्याव्यात असा नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि चोरट्या शिकारीने अनेक रानांतली हरणे आधीच संपवली आहेत. ताडोबात चितळाचा हिशेब वाघ ठेवतो, सोलापूर-नगरच्या माळांवर काळवीटाचा हिशेब लांडगा ठेवतो. त्या लांडग्याला आपण विष घालून मारतो, हे आधी थांबले पाहिजे. पण विदर्भात रोही आणि रानडुकरांपायी शेतकरी रात्र रात्र मचाणावर जागतो, तेव्हा शहरात बसून त्याला दयेचा उपदेश करण्याचाही आपल्याला अधिकार नाही. त्याची भरपाई वेळेवर मिळायला हवी, आणि सरकारने परवाना देऊन जनावर मारू दिले तर ते मोजून, नेम साधून, हाल न करता मारले जायला हवे.

पुढच्या सुटीत मुलांना घेऊन एखाद्या अभयारण्यात गेलात तर हरणे जरूर दाखवा. त्याबरोबर एकदा खाली वाकून, गुडघ्याएवढी रोपे किती आहेत तेही त्यांना मोजायला सांगा. रोपे असतील तर तिथे हरणांची पुढची पिढीही पोटभर जगेल.